बिघाडातही सुरक्षित

इंग्लंडमधील ब्लूबेल रेल्वेसारख्या, १९६० पासून मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर चालणाऱ्या वारसा-रेल्वेत सिग्नलच्या तारा जोडणारे हात बिनपगारी असले, तरी बिघाड झाल्यास सिग्नलने गाडी थांबवलीच पाहिजे, हे तत्त्व तेथेही अटळ असते. त्यासाठी रिले, म्हणजे विद्युतचुंबकाने चालणारी कळ, अशी घडवतात की प्रवाह खंडित होताच तिची पट्टी स्वतःच्या वजनाने खाली येते आणि सिग्नल धोका दाखवतो. त्यासाठी प्रत्येक तार आराखड्याशी ताडून पाहावी लागते, आणि हे काम किचकट खरे. परंतु अशी काळजी किती गरजेची, हे इतिहास सांगतो: १८८९ मध्ये आयर्लंडमधील आर्मा येथे सुटलेले डबे मागच्या गाडीवर आदळून सुमारे ८० माणसे, त्यांत कितीतरी मुले, दगावली, तेव्हाच ब्रिटिश संसदेने इंटरलॉकिंग, म्हणजे परस्परविरोधी सिग्नल एकाच वेळी देता न येण्याची रचना, सक्तीची केली. जुन्या डब्यांतून आजही जिवंत माणसेच प्रवास करतात. म्हणून हौशी कामालाही येथे सवलत नाही, आणि ती नसणेच योग्य आहे.