चाळणीवर राहिलेलं

मातीचा नमुना प्रयोगशाळेत आला की आधी सावलीत वाळवायचा, मग लाकडी हातोडीने ढेकळं फोडायची आणि दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायचं. खाली पडते ती माती. वर राहतात ते खडे. त्यांचं वजन करायचं, एका रकान्यात टक्केवारी लिहायची आणि ते फेकून द्यायचे. पुढे सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, चिकणमाती, जे जे म्हणून मोजलं जातं ते सगळं चाळणीखालच्या मातीचं. जगभर हीच रीत आहे आणि तिच्यात गैर काही नाही. पण दुर्ग-भिलाईकडच्या भाठा जमिनीचा नमुना चाळायला घेतला की निम्म्याहून जास्त माल वरच राहतो: लालसर, वाटाण्याएवढे, लोहाने जड झालेले खडे. खालच्या मूठभर मातीचे आकडे मग फार वाईट येत नाहीत, आणि कागदावरची जमीन शेतातल्या जमिनीपेक्षा बरी दिसते. खड्यांची टक्केवारी अहवालात असतेच. तक्त्याच्या उजव्या टोकाला, बारीक अक्षरात. तिथे कुणाची नजर जात नाही हे मला ठाऊक आहे, आणि तरी मी तो रकाना इतकी वर्षं तिथेच ठेवत आले. खोटं काही लिहिलेलं नाही. तेवढ्याने मी सुटते का, हे एकदा स्वतःलाच विचारायचं आहे.

भिलाईच्या टाउनशिपमधून कुठल्याही गावाकडे निघा, थोडक्या अंतरात चार जमिनी भेटतात. उंचवट्यावर भाठा: उथळ, खडेदार, उन्हाळ्यात पायाला चटका देणारी. तिच्याखाली मटासी, पिवळसर आणि हलकी. मग डोरसा. आणि खोलगटात कन्हार, काळी, चिकट. भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर हरभरा किंवा लाखोळी देणारी. उतार इतका मंद की सायकलवर पायडल मारणाऱ्यालाही कळत नाही. मध्य प्रांतात जमिनीचा बंदोबस्त करताना इंग्रज अधिकाऱ्यांनी सारा ठरवायला गावातलीच ही नावं उचलली. आमच्या आजच्या वर्गीकरणात ती ढोबळपणे अशी बसतात: भाठा एन्टिसॉल, मटासी इन्सेप्टिसॉल, डोरसा अल्फिसॉल, कन्हार व्हर्टिसॉल.

पाऊस चौघींवर सारखाच, वर्षाला अकराशे-बाराशे मिलिमीटर. खालचा खडकही बहुतेक ठिकाणी छत्तीसगड खोऱ्याचाच, चुनखडक नि शेल, सुमारे एक अब्ज वर्षांपूर्वीचा. नंदिनीच्या खाणीतून भिलाईच्या भट्टीला जातो तो चुनखडक याच कुळातला. फरक पडतो तो चढ-उताराने. वरून धुपलं, लोह मागे राहिलं. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बारीक चिकणमाती पाण्याबरोबर खाली उतरली आणि खोलगटात स्मेक्टाइट साठलं, भिजलं की फुगणारं आणि वाळलं की भेगाळणारं. हान्स जेनी यांनी १९४१ मध्ये माती घडवणारे पाच घटक मांडले: हवामान, जीवसृष्टी, भूरचना, मूळ खडक आणि काळ. त्यातले हवामान, मूळ खडक आणि काळ जवळपास स्थिर ठेवून भूरचना हलवली तर काय होतं, हे पाहायला दुर्ग जिल्ह्यासारखी जागा नाही. विद्यार्थ्यांना हे सांगताना मी रंगते. रंगण्यात खोट नाही, पण त्या रंगात एक गोष्ट नेहमी निसटते. ती म्हणजे मला हे सगळं कळलं कसं.

चिकणमातीचं प्रमाण काढायचं तर आधी हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय भाग जाळायचा, सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटने कण सुटे करायचे, उभ्या नळकांड्यात ढवळून ठेवायचं आणि दहा सेंटिमीटर खोलीवरून पिपेटने गढूळ पाणी उचलायचं. पाण्याचं तापमान २० अंश असेल तर सुमारे आठ तासांनी. तापमान वाढलं की कण लवकर बसतात, म्हणून वेळ कमी करायची. एप्रिल-मेमध्ये वीज गेली की मी थर्मामीटर घेऊन नळकांड्यांपाशी उभी असते; एका अंशाचा फरक पडला तरी वेळेचं गणित पुन्हा करते. माझ्या हाताखाली शिकलेली मुलं या हट्टाला हसतात आणि पुढे तोच हट्ट धरतात. याचा मला अभिमान आहे.

आणि खड्डा? दीड मीटर खोल प्रोफाइलचा खड्डा, ज्याच्या भिंतीतून हा नमुना निघाला, तो कुठे खणायचा हे मी कशावरून ठरवते? जीप जिथवर जाते. शेतमालक जिथे हो म्हणतो. खणायला दोन माणसं जिथे मिळतात. आणि कधी? मे महिन्यात, कारण तेव्हा शेतं रिकामी असतात. ऑगस्टमध्ये कन्हारात खड्डा खणला तर संध्याकाळपर्यंत तो पाण्याने भरेल. म्हणून कन्हारचं वर्णन आम्ही नेहमी उन्हाळ्यात करतो, भेगा उघड्या असताना, ती जमीन काही काम करत नसताना. भात उभा असतो त्या महिन्यांतली कन्हार आमच्या वह्यांत जवळजवळ नाहीच. नळकांड्यातला एक अंश मला झोपू देत नाही. हे मात्र मी बिनदिक्कत पचवते. जिथे काटेकोरपणा स्वस्त पडतो तिथे मी काटेकोर आहे, हे वाक्य लिहायला मला वेळ लागला.

हवामानाचं तर याहून अवघड आहे. कन्हारच्या मातीला आम्ही हॅप्लस्टर्ट म्हणतो. त्या नावामागे एक अट आहे: जमीन ओलिताखाली नसेल तर पाच मिलिमीटर किंवा जास्त रुंदीच्या भेगा वर्षात एकूण ९० दिवस तरी उघड्या असायला हव्यात. हे दिवस कुणी मोजले? मी मोजलेले नाहीत. माझ्या ओळखीतल्या कुणी मोजलेले नाहीत. आम्ही पावसाचा तक्ता पाहतो, बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात संपतो हे पाहतो आणि म्हणतो, पुढचे महिने भेगा असणारच. बहुधा असतातही. ओलाव्याचा वर्ग ठरवायला न्यूहॉल यांचं १९७२ चं गणिती प्रारूप वापरतात. त्याला महिन्याचा पाऊस आणि तापमान दिलं की उत्तर मिळतं. मातीत २०० मिलिमीटर पाणी मावतं असं ते मुळात धरून चालतं. कन्हारच्या बाबतीत ठीक. पण वीतभर खोलीच्या खडेदार भाठालाही आपण तेच २०० मिलिमीटर बहाल करतो आणि वर त्या उत्तरावर सही करतो.

शिवाय बांध. छत्तीसगडचा शेतकरी भातासाठी शेताला बांध घालून पाणी अडवतो. तांदुलाचा कालवा जिथे पोचतो तिथे वरून आणखी पाणी. हवामान केंद्राच्या नोंदीला बांध माहीत नसतो. उपग्रहावरून केलेल्या उंचीच्या नकाशालाही नसतो: त्याचा एकेक चौकोन तीस मीटरचा, उंचीतली चूक मीटरांत, आणि बांध गुडघ्याएवढा. म्हणजे ज्या एका गोष्टीने या जमिनीचं वर्षाचं वेळापत्रक ठरतं ती आमच्या या सगळ्या साधनांच्या जाळ्यातून सुटते. तरीही नाव छापलं जातं ते ठसठशीत.

मी तळटीप का घातली नाही? सोयीची कारणं तयार असतात: तक्त्यात जागा नाही, परीक्षक विचारतील, बाकी कुणीच घालत नाही. त्यांच्या खाली शोधलं तर सापडतं ते असं की मला ते नाव आवडतं. लॅटिन-ग्रीक मुळांचं ते लांबलचक नाव उच्चारलं की समोरचा गप्प होतो. शंका लिहिली तर नावाबरोबर माझंही वजन थोडं कमी होईल, ही भीती.

एका गावात एक म्हातारे कका खड्ड्याच्या काठावर येऊन बसले होते. मी भिंतीला मन्सेलचा रंगपट लावून पाहत होते. ओल्या मातीचा रंग १० वायआर ३/२ शी जुळत होता. पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल टाकल्यावर खालच्या थरात बारीक फेस आला. सत्तर सेंटिमीटरपाशी तिरकस, तुळतुळीत पृष्ठ दिसले, फुगणारी माती स्वतःवरच घासून उमटतात तसे. मी वहीत कन्हार लिहिलं. कका म्हणाले, "ए कन्हार नोहय नोनी, डोरसा आय." मी त्यांना भिंत दाखवली. त्यांनी ती पाहिली, माझा मान राखण्यापुरती, आणि बांधापलीकडच्या शेताकडे बोट केलं. कन्हार ती. पहिल्या पावसानंतर तिच्यात नांगर आठवडाभर घालता येत नाही; इथे दोन-तीन दिवसांत घालता येतो. तिथे भातानंतर हरभरा होतोच. इथे एखाद्या वर्षी होतो, एखाद्या वर्षी नाही.

अहवालात ती माती माझ्याच नावाने गेली आणि वर्गीकरणाच्या नियमांनी ते बरोबरच आहे. ककांचं म्हणणं 'स्थानिक नाव' या रकान्यात एका शब्दात बसलं. नांगराचे दिवस, हरभऱ्याची वर्षं, हे कुठेच बसलं नाही. मी हवामानाच्या तक्त्यातून जे अंदाजाने काढत होते, ते हा माणूस जन्मभर पाहत आला होता, आणि मी त्यांना एकच प्रश्न विचारला होता: इथे पाणी किती खोल लागतं?

भाठाचा विषय आला की माझं मन आणखी चाचरतं. जमिनीचे क्षमतेनुसार आठ वर्ग करण्याची पद्धत अमेरिकेतून आली, १९६१ ची. पहिले चार नांगराचे, पुढचे चार नांगराचे नाहीत. भाठा बहुतेकदा सहाव्याच्या आसपास पडते. मी लिहिते, 'शेतीस अयोग्य'. नांगरासाठी ते खरंच आहे. पण वाचणारा शेतकरी नसतो. जमीन शोधणारा असतो. तो वाचतो, 'रिकामी'. मग भाठावर गाव गुरं चारतो, कुणी कोदो-कुटकी पेरतो, वरून झिरपलेलं पाणी खालच्या शेतांना उशिरापर्यंत ओल देतं, हे सांगायची जबाबदारी कुणाची? माझ्या तक्त्यात तो प्रश्नच नाही, असं म्हणून मी हात झटकू शकते. झटकलेही आहेत.

माझा पाय या बाबतीत आधीच अडकलेला आहे. सोव्हिएत मदतीने भिलाईचा पोलाद कारखाना उभारण्याचा करार १९५५ चा, पहिली झोतभट्टी पेटली १९५९ मध्ये, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते. बाबा त्यानंतर काही वर्षांनी नागपूरकडून इथे नोकरीला आले. कारखाना आणि टाउनशिप उभी राहिली ती जमीन आसपासच्या गावांची होती. माझी शाळा, माझी सायकल, माझं मृदाशास्त्र, सगळं त्या पगारातून आलं. सेक्टरमधल्या क्वार्टरमागे आईला बाग करायची होती. कुदळ मारली की मुरूम लागायचा. म्हणून ट्रॉलीभर काळी माती विकत आणून टाकली, वांगी नि भेंडी लागली, शेजारी कौतुक करायचे. ती कुणाच्या शेताची वरची वीतभर माती होती, हे तेव्हा घरात कुणाच्या मनात आलं नाही. मूल म्हणून मला सूट देता येईल. पण आजही कुणी मैत्रीण बागेसाठी माती कुठली आणू विचारते, तेव्हा मीच सांगते, कन्हार मागव. वरचा थर गेला की शेताचं काय होतं याचा तक्ता माझ्याच कपाटात आहे.

सध्या एक अहवाल टेबलावर आहे. त्यात मी खड्यांचा रकाना तक्त्याच्या डावीकडे, खोलीच्या लगेच शेजारी आणला. भाठाच्या वर्गापुढे तिचे चालू उपयोग लिहिले. आणि कन्हारच्या नावाखाली एक ओळ घातली: भेगांचे दिवस मोजलेले नाहीत, पावसावरून अनुमान केलेलं आहे. लिहून बरं वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचाच संशय आला. माझी निवृत्ती जवळ आली आहे. बढती उरलेली नाही, परीक्षक नाराज झाला तरी माझं काही बिघडत नाही. अहवालावर दुसरी सही ज्या मुलाची आहे, त्याची सगळी नोकरी पुढे आहे. माझ्या प्रामाणिकपणाची किंमत तो भरणार असेल, तर त्याला विचारायला नको?

विचारलं. तो थोडा वेळ तक्ता पाहत राहिला आणि म्हणाला, "मॅडम, ही ओळ एकदा गेली की पुढच्या प्रत्येक अहवालात घालावी लागेल. नाहीतर मग मोजावं लागेल." मोजू या, मी म्हटलं. त्याने लगेच हिशेब मांडला: एक ओलिताखालचं शेत, एक कोरडं, प्रत्येकात ठरलेल्या दोऱ्या, भात कापल्यापासून पुढच्या पावसापर्यंत दर आठवड्याला भेगांची रुंदी आणि खोली, गावातलाच एक माणूस, रोजंदारीवर. पाऊस लागल्यावर बांधातल्या पाण्याची उंचीही त्यानेच नोंदवायची. माणूस कुठला घ्यायचा यावर आमचं अजून जमलेलं नाही. मी ककांच्या घरातलं कुणी सुचवलं. तो म्हणतो, ककांचं ऐकून आकडे लिहिले जातील. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. प्रस्ताव मात्र आम्ही पाठवला, रोजंदारीच्या रकान्यात रक्कम भरून. मंजुरी अजून यायची आहे.