सावलीला रंग असतो का?

हिमालयात बर्फाच्या उतारावर स्वच्छ उन्हात काढलेला फोटो संगणकावर उघडला, की अनेकांचा हात आधी रंग दुरुस्त करण्याकडे जातो. फोटोतल्या सावल्या निळ्या आलेल्या असतात. प्रत्यक्ष तिथे उभं असताना त्या निळ्या वाटल्या नव्हत्या. बर्फ पांढरा आणि सावली राखाडी, एवढंच मनाने टिपलेलं असतं. मग हा निळेपणा काढून टाकणं म्हणजे चूक सुधारणं, की जे होतं ते पुसणं?

निसर्गाचे फोटो काढणाऱ्यांना रोज पडणारा हा प्रश्न आपल्या दर्शनांना फार पूर्वीच पडला होता. अंधार ही स्वतंत्र वस्तू आहे, की नुसता प्रकाशाचा अभाव? भाट्ट मीमांसक म्हणत, अंधार नीलवर्णी दिसतो आणि सावलीच्या रूपाने हलतानाही दिसतो. ज्याला रंग आहे आणि गती आहे ते द्रव्यच. वैशेषिकांनी मोजलेल्या नऊ द्रव्यांत हे दहावं घालावं लागेल. नैयायिकांना हे मान्य नव्हतं. डोळ्यांनी रंग दिसायला प्रकाश लागतो, अंधार मात्र प्रकाश नसतानाच दिसतो. तेव्हा त्याला खरा रंग असणं शक्य नाही. आणि हलतो तो दिवा, किंवा दिवा अडवणारा. सावली हलते हा भास. नैयायिक अन्नंभट्टाने ‘तर्कसंग्रह’ या आपल्याच ग्रंथावर लिहिलेल्या ‘दीपिके’त हा वाद द्रव्यांची मोजदाद सुरू होताच येतो.

तर्कात नैयायिक सरस ठरतात. पण मोकळ्या आभाळाखालच्या सावलीपुरतं मीमांसकांच्या डोळ्यांना दाद द्यावी लागते. सूर्य अडला म्हणून आभाळ अडत नाही. हवेतले रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात, तो चहूबाजूंनी खाली येतो आणि उन्हाला पारख्या झालेल्या बर्फावर पडतो. कॅमेऱ्यात दिवसाच्या उन्हासाठी सुमारे ५५०० केल्विन आणि सावलीसाठी ७००० च्या पुढचा आकडा ठेवतात तो यामुळेच. दिवसाच्या उजेडात निसर्गातली सावली हा प्रकाशाचा अभाव जवळजवळ कधीच नसतो. ती दुसऱ्या प्रकाशाची जागा असते.

१७७७ च्या डिसेंबरात जर्मन कवी गटे हार्त्स पर्वतातल्या ब्रोकेन शिखरावर चढला होता. उतरताना दिवसा बर्फ पिवळसर आणि सावल्या जांभळट दिसत होत्या. सूर्य मावळतीला येऊन आसमंत तांबडा झाला, तशा त्याच सावल्या हिरव्या झाल्या. १८१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रंगांवरच्या आपल्या ग्रंथात त्याने हे नोंदवलं. त्या ग्रंथातलं न्यूटनशी मांडलेलं भांडण भौतिकशास्त्रात टिकलं नाही. पण त्या हिरव्या सावलीतला काही वाटा पाहणाऱ्या डोळ्याचा आहे, ही त्याची जाण पक्की होती. भोवती तांबूस प्रकाश असेल तर डोळा मधल्या करड्या जागेला हिरवी छटा देतो.

म्हणजे रंगाला एक ठरलेलं घर नाही. थोडा वस्तूत, थोडा तिच्यावर पडणाऱ्या प्रकाशात, थोडा पाहणाऱ्यात.

पाहणारा बदलला तर काय होतं, हे ताडोबात कळतं. पर्यटकाला बांबूच्या हिरव्या गर्दीत वाघाचा नारिंगी अंगरखा झळकताना दिसतो. चितळाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात, माणसाच्या तीन. चितळाला नारिंगी आणि हिरवा यांत फरक करता येत नाही. वाघ त्याच्या दृष्टीला झाडोऱ्यात मिसळलेला असतो. उलट मधमाशीला तांबडा दिसत नाही, पण अतिनील दिसतो, आणि आपल्याला एकरंगी भासणाऱ्या कितीतरी फुलांच्या पाकळ्यांवर तिला मधाकडे नेणाऱ्या खुणा दिसतात. ‘वाघाचा खरा रंग’ असं म्हणताना आपण माणसाच्या डोळ्याला साऱ्या जंगलाचा न्यायाधीश नेमलेलं असतं.

यातून सुटका करून घेण्यासाठी कॅमेऱ्याला साक्षीदार म्हणून पुढे केलं जातं. यंत्राला मन नाही, ते खोटं कशाला बोलेल? पण यंत्राच्या आत डोकावलं की ही खात्री डळमळते. बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर रंगीत चौकोनांची एक जाळी असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी ती योजली आणि १९७६ मध्ये तिचं पेटंट मिळालं. जाळीतले निम्मे चौकोन हिरवे, पाव तांबडे, पाव निळे. प्रत्येक बिंदू एकाच रंगाचा प्रकाश मोजतो. उरलेले दोन शेजारच्या बिंदूंवरून हिशेबाने भरले जातात. अख्ख्या चित्रात रंगाच्या तीन आकड्यांपैकी एकच मोजलेला असतो. न्यायशास्त्राच्या परिभाषेत सांगायचं तर एक भाग प्रत्यक्ष आणि दोन भाग अनुमान.

अनुमान म्हणजे खोटेपणा नव्हे. न्यायमतात तेही ज्ञानाचं प्रमाण साधन आहे. अट इतकीच की त्यामागची व्याप्ती, म्हणजे दोन गोष्टींचं कायमचं साहचर्य, अभंग हवी. धूर दिसला की विस्तव असतोच, तसं इथे गृहीत धरलेलं असतं की शेजारशेजारच्या बिंदूंचे रंग साधारण सारखे असतात. ही व्याप्ती बहुधा टिकते. पक्ष्याच्या पिसातल्या अतिशय बारीक, दाट रेघांपाशी मात्र कधी कधी तुटते, आणि करड्या पिसावर जांभळ्या-हिरव्या लाटा उमटतात. तो रंग पिसात नसतो, प्रकाशात नसतो, कुणाच्या डोळ्यातही नसतो. तो चुकलेल्या अनुमानाचा रंग असतो.

मग काचा, फिल्टर, संगणकावरची कारागिरी हे सगळं सत्याच्या विरोधात धरायचं का? इथे सी. व्ही. रामन यांची आठवण येते. १९२१ मध्ये इंग्लंडच्या प्रवासात भूमध्य समुद्राच्या निळाईने त्यांना खिळवलं. समुद्रात आभाळाचं प्रतिबिंब पडतं म्हणून तो निळा, हे भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचं मत तेव्हा प्रचलित होतं. परतीच्या वाटेवर ‘नारकुंडा’ बोटीवरून रामन यांनी निकोल प्रिझममधून पाणी पाहिलं. प्रिझमने पृष्ठभागावरची झळाळी कापली, आणि निळा रंग पुसला न जाता अधिकच खुलला. वेदान्तात जास्वंदीजवळ ठेवलेल्या स्फटिकाचा दृष्टान्त नेहमी येतो: लाली स्फटिकाची नाही, फुलाची. रामन यांनी जणू फूल बाजूला करून पाहिलं, आणि रंग बराचसा पाण्याचाच निघाला. ओढ्याचा तळ दिसावा म्हणून आज जो पोलरायझर फिल्टर लावतात, त्याचं काम तेच. मध्ये काच आली की सत्य हरवतं, असं म्हणणं म्हणूनच उथळ आहे.

फोटोला प्रत्यक्षाच्या आसनावर बसवणं, हीच मूळ गफलत आहे. फोटो म्हणजे कुणीतरी पाहिलेलं दुसऱ्याला सांगणं. न्यायमताप्रमाणे ते शब्दप्रमाण, आप्तवचन. आणि आप्त कोण, याचं उत्तर वात्स्यायनाने न्यायसूत्रांच्या भाष्यात विलक्षण मोकळेपणाने दिलं आहे. ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जी जशी दिसली तशी कळवण्याच्या इच्छेने जो बोलतो, तो आप्त. ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना हे लक्षण सारखंच लागू पडतं, असंही तो सांगतो. प्रामाण्य इथे साधनात नाही, जाणण्यात आणि सांगण्याच्या हेतूत आहे.

ही कसोटी लावली की बरीच गुंतागुंत सुटते. १९२७ च्या एप्रिलमध्ये छायाचित्रकार अॅन्सेल अॅडम्स यांनी अमेरिकेतल्या योसेमिटीतल्या हाफ डोमचा कडा टिपला. पिवळ्या फिल्टरने एक प्लेट घेतल्यावर त्यांनी शेवटच्या प्लेटसाठी गडद तांबडा फिल्टर लावला आणि आभाळ जवळपास काळं करून टाकलं. त्यात फसवणूक नव्हती. कृष्णधवल चित्रात आभाळाचा रंग शोधायला कुणी जात नाही, आणि आपण काय केलं हे अॅडम्स यांनी पुढे आयुष्यभर लिहून, शिकवून सांगितलं. १९९० मध्ये आलेल्या फुजीच्या वेल्विया फिल्मची गोष्ट अधिक नाजूक आहे. तिने हिरवे आणि तांबडे रंग असे भडक केले, की निसर्गचित्रांना त्याचीच चटक लागली, आणि पाहणाऱ्याला हा भडकपणा फिल्मचा की रानाचा हे कळायला मार्ग नव्हता. कासच्या पठारावर आज असंच घडतं. फोटोत तेरड्याचा गुलाबी गालिचा पेटल्यासारखा दिसतो. तो पाहून आलेला माणूस ढगाळ उजेडातल्या मवाळ गुलाबीसमोर उभा राहून हिरमुसतो, आणि पायाशी असलेली सीतेची आसवं ही फुलं न पाहताच परततो. इथे नुकसान फुलांच्या वाट्याला येतं.

भीमाशंकरच्या जंगलात पावसाळ्यात कुजक्या फांद्या रात्री उजळतात. त्यांच्यावर वाढणारी बुरशी स्वतः प्रकाश देते. डोळ्यांना अंधाराची सवय झाल्यावर ती अंधूक, बहुतांशी रंगहीन चमक दिसते, कारण इतक्या कमी उजेडात डोळ्यातल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जेमतेम काम करतात. कॅमेऱ्याचं शटर बराच वेळ उघडं ठेवलं की तीच फांदी लखलखीत हिरवी येते. तो हिरवा खराच आहे. बुरशीचा प्रकाश हिरव्याच तरंगलांबीचा आहे, फक्त इतक्या मंद उजेडात माणसाच्या डोळ्याला तो ओळखू येत नाही. असा फोटो जरूर छापावा, मोठा छापावा. त्याखाली दोन ओळी हव्यात: शटर किती सेकंद उघडं होतं, आणि तिथे उभ्या असलेल्या माणसाला काय दिसत होतं.