मजलुमाची साक्ष

सूरह निसाच्या 148 व्या आयतीत अल्लाहने एक नियम सांगितला आहे आणि लगेच त्याला एक अपवादही ठेवला आहे. वाईट गोष्टीची जाहीर वाच्यता अल्लाहला आवडत नाही. मात्र ज्याच्यावर अन्याय झाला असेल, त्याला ती करण्याची मुभा आहे. या अपवादाचे मोल मला फार उशिरा कळले.

काही वर्षांपूर्वी पुण्यात शिकणारा एक सीरियन विद्यार्थी रमजानमध्ये आमच्या मशिदीत तरावीहला येत असे. एका रात्री नमाजनंतर तो आपल्या भावाविषयी सांगू लागला. भावाला दमास्कसमध्ये पकडून नेले होते आणि त्यानंतर त्याचा ठावठिकाणा लागला नव्हता. जमलेल्यांपैकी एक बुजुर्ग म्हणाले, “बेटा, सब्र कर. आपल्या मुलुखाची निंदा चारचौघांत करू नये.” मीही मान डोलावली आणि सब्रच्या श्रेष्ठत्वावर चार शब्द बोललो. तो मुलगा गप्प झाला. तो विषय त्याने पुन्हा कधी काढला नाही. आपण त्याला धीर दिला, असे मला तेव्हा वाटले होते. वस्तुतः आम्ही त्याचे तोंड बंद केले होते.

बंधू-भगिनींनो, सब्र म्हणजे मौन नव्हे. इ. स. 615 च्या सुमारास मक्केतील छळ असह्य झाला, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सांगण्यावरून काही सहाबा समुद्र ओलांडून हबशा देशी गेले. कुरैशांनी त्यांच्यामागे दोन दूत धाडले. दूतांनी आधी दरबारातील धर्मगुरूंना नजराणे पोचते केले आणि मग, या पळून आलेल्यांचे काही ऐकून न घेता त्यांना आमच्या हवाली करावे, अशी मागणी केली. राजा नजाशीने ती नाकारली. ज्यांनी आपला आश्रय घेतला, त्यांचे म्हणणे ऐकल्याशिवाय त्यांना परत देणार नाही, असे त्याने बजावले.

मग ह. जाफर बिन अबू तालिब (रजि.) भर दरबारात उभे राहिले. परक्या देशात, परधर्मीयांसमोर, त्यांनी आपल्याच कबिल्याच्या जुलमाची हकिगत सांगितली. सुरुवात मात्र स्वतःपासून केली. आम्ही अज्ञानी होतो, मूर्तींना पूजत होतो, आमच्यातील बलवान दुर्बलांना गिळत होते, हे त्यांनी आधी कबूल केले. त्यांना कोणी कुरैशांचे बदनामीकार म्हटले नाही. हा सारा प्रसंग आपल्यापर्यंत पोहोचला तोही ह. उम्मे सलमा (रजि.) यांच्या कथनातून, म्हणजे त्याच निर्वासितांतील एका स्त्रीच्या तोंडून. त्या गप्प राहिल्या असत्या, तर आपला इतिहास किती दरिद्री राहिला असता!

आता आपल्या काळाकडे पाहू. एप्रिल 2020 मध्ये जर्मनीतील कोब्लेंत्स शहरात एक खटला उभा राहिला. आरोपी अन्वर रसलान हा दमास्कसच्या अल-खतीब कोठडीतील तपासप्रमुख. असद राजवट सोडून तोही 2014 मध्ये जर्मनीत आश्रयाला आला होता. ज्यांचा त्या कोठडीत छळ झाला, त्यांतील कित्येक जणही निर्वासित होऊन युरोपात आले होते. सीरियात स्वतः पाच वर्षे तुरुंगवास भोगलेले वकील अन्वर अल-बुन्नी यांनी अशा लोकांना साक्षीसाठी धीर दिला. एकामागून एक पीडित न्यायालयात बोलले. मायदेशी असलेल्या नातलगांच्या जिवाला धोका असल्यामुळे काहींना ओळख लपवावी लागली. 13 जानेवारी 2022 रोजी रसलानला मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी जन्मठेप झाली. असद राजवट कोसळली ती डिसेंबर 2024 मध्ये. हे साक्षीदार बोलले, तेव्हा ती भक्कम उभी होती.

ही गीबत आहे काय? इमाम नववी (रह.) यांनी ‘रियाजुस्सालिहीन’मध्ये गीबत ज्या सहा प्रसंगी वैध ठरते ते सांगितले आहेत. त्यांतील पहिलाच प्रसंग अन्यायपीडिताच्या फिर्यादीचा आहे.

अर्थात, बोलणाऱ्यावरही बंधन आहे. एखाद्या समूहाचे वैर आपल्याला न्यायापासून ढळवू नये, ही सूरह माइदाची शिकवण त्यालाही लागू आहे. म्हणून त्याने तिखटमीठ लावू नये. आणि ज्याच्या घरच्यांचा जीव टांगणीला आहे, तो गप्प राहिला तर त्याला दोष देण्याचा आपल्याला अधिकार नाही.

पण ऐकणाऱ्याची जबाबदारी अधिक कठीण आहे. साक्ष लपविणाऱ्याचे हृदय पापी होते, असे कुरआन सांगतो. मग जो दुसऱ्याला साक्ष लपवायला लावतो, त्याच्या हृदयाचे काय? जुलमी परका असला की आपण कान टवकारतो; तो आपल्यासारखेच नाव धारण करणारा असला की आपल्याला सब्र आणि बदनामी आठवते. सूरह निसा तर स्वतःविरुद्ध, आईवडिलांविरुद्ध, आप्तांविरुद्धही न्यायाची साक्ष द्यायला सांगते. नजाशीच्या दरबाऱ्यांनी चामड्याचे नजराणे घेतले होते. आपण कोणते घेतले आहेत, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

तो विद्यार्थी आज कुठे आहे, मला ठाऊक नाही. तो पुन्हा भेटला, तर मी त्याला भावाचे नाव विचारीन आणि तो थांबेपर्यंत ऐकेन.

हे अल्लाह, मजलुमांना सत्य बोलण्याचे बळ दे आणि आम्हाला ते ऐकण्याचे धैर्य दे. आमीन.