दोन बिंदूंच्या मधली जागा

अंबरनाथच्या शिवमंदिराच्या शिखराचा वरचा भाग आज उरलेला नाही, तरी ते रचले कसे होते हे खालच्या भागावरून कळते. शिलालेखात शके 982, म्हणजे इ.स. 1060 हे साल असलेले, शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळातले हे भूमिज शैलीचे देऊळ. चारही बाजूंनी एकेक उभा पट्टा न तुटता वर चढत जातो आणि पट्ट्यांमधल्या भागात चिमुकल्या शिखरांच्या रांगा एकीवर एक बसवलेल्या आहेत. वरची प्रत्येक रांग खालच्यापेक्षा आखूड आणि तिच्यातले शिखर खालच्यापेक्षा लहान. पट्टा सलग वळतो, रांगा टप्प्याटप्प्याने वळतात, आणि वक्र मात्र दोघांचा एकच. अखंड रेषा आणि तिचे सुटे टप्पे कारागिरांनी असे शेजारी शेजारी उभे केले. अशा देवळाची आज लेझर किरणांनी मोजणी केली, तर हाती लाखो सुटे बिंदू येतात. मग प्रश्न पडतो तो जुनाच: जे अखंड आहे ते तुकड्यांत धरता येते का, की धरताना त्याचे सत्त्वच निसटते?

निसटते, असे बहुतेकांना वाटते. दोन बिंदूंच्या मधे जे होते ते गेलेच, असा हा साधा तर्क आहे. पण तो खरा नाही. गणितज्ञ क्लॉड शॅननने 1949 साली छापलेल्या निबंधात दाखवले, की संकेतातली सर्वांत जलद कंपने एका मर्यादेच्या आत असतील आणि त्या मर्यादेच्या दुपटीहून अधिक वेळा मोजमाप घेतले, तर मधला प्रत्येक क्षण त्या मापांवरूनच ठरतो. अंदाजाने नव्हे, नेमका. माणसाला सेकंदाला साधारण 20,000 कंपनांपर्यंतच ऐकू येते, म्हणून सीडीवर सेकंदाला 44,100 मापे पुरतात. आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने इ.स. 665 च्या ‘खंडखाद्यक’मध्ये पंधरा-पंधरा अंशांच्या अंतराने दिलेल्या ज्यांच्या (साइनच्या) किमतींमधली किंमत काढायची रीत सांगितली, तीही याच विश्वासावर. त्याचे उत्तर जवळपासचे, शॅननचे नेमके, हा फरक मोठाच; पण मधली जागा रिकामी नसून नियमाने भरलेली आहे, हे गृहीत दोघांचे सारखे.

आमच्या दर्शनांत अखंड आणि तुकड्यांचा हा वाद परमाणूवरून झाला. बौद्ध तत्त्वज्ञ वसुबंधूने नैयायिक-वैशेषिकांच्या निरवयव परमाणूला पेचात पकडले: एका परमाणूला सहा दिशांनी सहा परमाणू चिकटले, तर त्याला सहा बाजू आल्या, म्हणजे अवयव आले, आणि सगळे एकाच जागी मावले, तर कितीही परमाणू जमवा, आकार वाढणारच नाही. वस्तू कणांची चवड आहे असे मानणाऱ्याला यातून सुटका अवघड आहे. पण मोजलेला बिंदू हा कण नव्हेच. भिंतीत विटा रचाव्यात तसे बिंदू रचून शिखर बनत नाही. बिंदू म्हणजे एका जागी घेतलेले माप. त्याला रुंदी नसते, म्हणून तो शेजाऱ्याला चिकटतही नाही. त्यांना जोडतो तो नियम. नैयायिक म्हणत, की अवयवी, म्हणजे अवयवांनी बनलेली अख्खी वस्तू, हा अवयवांच्या बेरजेहून वेगळा पदार्थ आहे. डिजिटल नोंदीपुरते त्यांचे म्हणणे मला पटते, एवढेच की इथे अवयवीची जागा नियमाने घेतली आहे.

यावर खरा आक्षेप निघतो तो शॅननच्या अटीतून. आवाजाला कानाची मर्यादा आहे, दगडाला कुणाची? छिन्नीची धार, पावसाने खाल्लेला कोपरा, बारीक तडा यांच्या सूक्ष्मतेला तळ नाही. शिवाय प्रत्येक माप ठरावीक पायऱ्यांवरच बसवावे लागते. सीडीवर त्या 65,536 असतात, तरी किंचित खोट उरते. आक्षेप रास्त आहे आणि तो याच देवळात डोळ्यांसमोर उभा राहतो. शिखराला कारागिराचा नियम आहे, म्हणून थोड्या मापांवरून हरपलेला माथाही कल्पिता येतो. मंडपातून पायऱ्या उतरून खाली, उघड्या आभाळाखालच्या गाभाऱ्यात गेले की भाविक ज्याला स्वयंभू मानतात ते लिंग आहे. त्याला घडवणाऱ्याचा नियमच नाही. तिथे न मोजलेले कोणतेही टोक शेजारच्या टोकावरून काढता येत नाही. गंमत अशी, की नक्षीने गजबजलेले शिखर नोंदवायला सोपे आणि साधा दगड अवघड.

भाविक म्हणेल, देव आकड्यांत येत नाही. मान्य. पण मग तो छिन्नीच्या घावांतही येत नाही. पूजेचे अधिष्ठान श्रद्धेने आणि विधीने येते, आकाराने नव्हे, म्हणून आकाराच्या नोंदीने देवत्वाचे काही कमी होत नाही की वाढतही नाही. खोटेपणा शिरतो तो वेगळ्याच जागी: संगणकाने भरलेली जागा मोजलेली म्हणून दाखवली की. म्हणून असल्या मंदिरांच्या त्रिमितीय नोंदी करणाऱ्यांनी दोन मापांमधले अंतर किती ठेवले, आणि कोणता भाग मोजला व कोणता हिशेबाने भरला, हे प्रत्येक चित्राखाली लिहावे.