फुरसतीचा वाटा

नरक चतुर्दशीच्या पहाटे घरात सगळ्यांच्या आधी उठते ती घरातली बाई. पाणी तापवायचं, तेल कोमट करायचं, उटणं भिजवायचं, पोरांना पाटावर बसवून चोळून न्हाऊ घालायचं, मग फराळाची ताटं मांडायची. पाडव्याला नवऱ्याला तेल लावायचं, भाऊबीजेला भावाला. तिच्या पाठीला तेल कोण लावतं, हा प्रश्न बहुतेक घरांत कुणाला पडतच नाही. ती उरलेल्या पाण्यात घाईनं आंघोळ उरकते आणि पुन्हा ओट्याशी येऊन उभी राहते.

अभ्यंगाला खर्च तो किती? वाटीभर तेल, मूठभर उटणं, बादलीभर गरम पाणी. शरीराची इतकी प्रेमानं आणि इतक्या स्वस्तात काळजी घेणारा दुसरा संस्कार शोधून सापडणार नाही. तरीही घरातल्या एका माणसाला तो मिळत नाही आणि त्याचं कारण पैसा नाही. पाटावर स्वस्थ बसण्याइतका अर्धा तास तिला कुणी देत नाही आणि मागून घ्यायचा असतो हे तिला कुणी शिकवलेलं नसतं. स्वतःची काळजी कमी पैशांत कशी घ्यावी, हा प्रश्न आज अनेकांना पडतो. माझं म्हणणं असं की पैशांचा प्रश्न त्यातला सोपा भाग आहे. अवघड भाग वेळेचा, जागेचा आणि परवानगीचा आहे.

स्वतःची काळजी घेण्याचा विचार मुळात बाजारातून आलेला नाही. अमेरिकेत डोरोथिआ ओरेम यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो रुग्णसेवेच्या शास्त्रात मांडला. माणूस आपल्या प्रकृतीसाठी रोज जे करू शकतो ते त्याला करता यावं, आणि जिथे त्याची शक्ती अपुरी पडेल तिथे परिचारिकेनं हात द्यावा, असं त्यांचं सूत्र. पुढे कवयित्री ऑड्रे लॉर्ड यांनी कर्करोगाशी झुंजताना, १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या लेखनात, स्वतःला जपणं हा चोचला नसून टिकून राहण्याचा भाग आहे, अशी भूमिका घेतली. रुग्णाच्या खाटेजवळ जन्मलेला हा विचार आज सुगंधी मेणबत्त्या, महागडी क्रीम आणि वीकेंड रिसॉर्टच्या जाहिरातींत येऊन पोचला आहे. ज्यांना ते परवडत नाही त्यांना वाटतं, आपल्या नशिबात हे नाही. हा समज खोडून काढण्यासाठी पुण्याइतकं चांगलं शहर नाही.

बी. के. एस. अय्यंगार १९३७ साली पुण्यात योग शिकवायला आले, तेव्हा त्यांच्याजवळ पैसा नव्हता, आणि लहानपणीच्या आजारपणांनी खंगलेलं शरीर त्यांनी योगानंच सावरलेलं होतं. पुढे जगभर गेलेल्या त्यांच्या पद्धतीत खुर्ची, भिंत, दोरी, घोंगडी, उशी अशा घरातल्या वस्तूंचा आधार घेऊन वृद्धांनाही आसनं करता येऊ लागली. आज मॅट, कपडे, बाटली यांच्या खरेदीशिवाय योग सुरू होत नाही असं वाटणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: पाय भिंतीला टेकवून दहा मिनिटं जमिनीवर पडून राहायला घरातली सतरंजी पुरते.

व्यायामाला सार्वजनिक जागा मिळवून देण्याचं कामही या परिसरात जुनंच. स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं ते १९२४ साली. त्याच वर्षी शिवरामपंत दामल्यांनी पुण्यात महाराष्ट्रीय मंडळ सुरू केलं. मनाच्या खुराकाची सोय त्याहून जुनी. पुणे नगर वाचन मंदिराची मुळं १८४८ पर्यंत जातात. पुणे मराठी ग्रंथालय १९११ चं. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली वसंत व्याख्यानमाला आजही ऐन उन्हाळ्यात भरते, आणि दिवसभराच्या कामानंतर माणूस तिथे दोन तास स्वतःच्या काळज्यांच्या बाहेर जाऊन बसू शकतो. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं केलं आणि संसार सांभाळणाऱ्या प्रौढ स्त्रियांना शिक्षणाची वाट मोकळी केली. घराबाहेर पडून काही तास स्वतःसाठी काही शिकणं ही त्या काळात केवढी मोठी मोकळीक असेल!

आणि मग टेकड्या. पर्वतीच्या एकशेतीन पायऱ्या, फर्ग्युसनच्या मागची हनुमान टेकडी, तळजाई, आणि या सगळ्यांत उंच वेताळ टेकडी. शहराच्या मधोमध इतकं उघडं आकाश फार थोड्या शहरांच्या वाट्याला आलं आहे. सकाळी सहा वाजता तिथे निवृत्त प्राध्यापक असतात, स्पर्धा परीक्षेची मुलं असतात, गुडघे धरत चढणाऱ्या आज्या असतात. तिकीट नाही, सभासदत्व नाही. बालभारती ते पौड फाटा या नियोजित रस्त्याविरुद्ध पुणेकर वेताळ टेकडीसाठी उभे राहिले तेव्हा झाडांबरोबरच आपल्या सकाळीही ते वाचवत होते. टेकडी गेली तर तिच्या जागी प्रत्येकाला जिमची फी भरावी लागेल, आणि ज्याला ती परवडणार नाही त्याची सकाळ संपेल. कमी पैशांत स्वतःला जपायचं तर काही गोष्टी सगळ्यांच्या मालकीच्या राहाव्या लागतात.

पण हे वैभव कुणाच्या वाट्याला येतं? राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं २०१९ मध्ये केलेल्या वेळेच्या पाहणीनुसार, भारतात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात. पुरुष ९७ मिनिटं. हा जवळजवळ साडेतीन तासांचा फरक आहे. सकाळी सहाला टेकडीवर असलेल्या माणसाचा डबा त्याच वेळी कुणीतरी भरत असतं. बाईला थोडी उसंत मिळते ती दुपारी, आणि नेमक्या त्या वेळी शहरातल्या अनेक उद्यानांची फाटकं बंद असतात. चार घरची धुणीभांडी उरकून पुढच्या घरी जाण्याआधी तासभर टेकायला झाडाखालचं बाकडं हवं असलेली बाई एखाद्या सोसायटीच्या जिन्यात बसते. उद्यानाची वेळ ठरवणाऱ्यांनी नोकरदाराचा दिवस डोळ्यांसमोर ठेवला. तिचा दिवस त्यांना दिसला नाही.

फुरसत मागावी लागते, प्रसंगी भांडून घ्यावी लागते, हे महाराष्ट्रानं फार पूर्वी दाखवून दिलं आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये पुण्यात सत्यशोधक समाज स्थापला. त्या चळवळीतले नारायण मेघाजी लोखंडे मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी उभे राहिले, आणि त्यांच्या लढ्यामुळे १० जून १८९० रोजी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. आज आपण रविवार गृहीत धरतो. स्वतःला जपण्याचा तो पहिला मोठा सार्वजनिक हक्क होता. त्यानंतर नव्वद वर्षांनी, १९८० साली, पुण्यातल्या मोलकरणी संपावर गेल्या, संघटित झाल्या आणि पगाराबरोबर सुट्टीचाही प्रश्न त्यांनी शहरापुढे ठेवला. आजारी पडल्यावर काम न सुटता घरी झोपून राहता यावं, याहून मूलभूत अशी स्वतःची काळजी कोणती? आपल्या घरी काम करणाऱ्या बाईला महिन्यातून ठरलेल्या भरपगारी सुट्ट्या देणारं कुटुंब तिला उत्तम दिवाळी भेट देत असतं.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. चालणं, वाचन, श्वसन यांनी थकवा हलका होतो; आजार बरा होईलच असं नाही. आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर टेकडीवर जा असं सांगून मोकळं होणं क्रूरपणाचं आहे. तिथे डॉक्टर हवा, समुपदेशक हवा. त्यातही बिनखर्चाची वाट आहे: केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून मोफत उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं. पुण्यातच डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रानं दाखवलं की व्यसनी माणसाइतकीच त्याच्या बायकोलाही आधाराची गरज असते. आपल्यासारखंच सोसलेल्या चारजणींसमोर बोलता आलं, की मनावरचं ओझं उतरू लागतं. या बोलण्याला चटईपलीकडे काही लागत नाही. लागतो तो ऐकून घेणारा माणूस.

मग काय करावं? घरात आधी वेळेची वाटणी करावी. आठवड्यातला एक ठरलेला तास घरातल्या प्रत्येकाचा स्वतःचा असावा, आणि त्या तासात त्याचं काम दुसऱ्यानं उचलावं. त्या तासात बाई झोपली, वाचत बसली, मैत्रिणीकडे गेली किंवा नुसती खिडकीत उभी राहिली, तरी तिला कुणी जाब विचारू नये. मुलग्यांना स्वयंपाक शिकवणं ही त्यांच्या आईच्या प्रकृतीची तजवीज आहे, आणि त्यांच्या स्वतःच्या पुढच्या आयुष्याचीही. शहराकडे मागण्याही साध्या आहेत: बागा दुपारी उघड्या ठेवा, तिथे स्वच्छ शौचालय आणि पिण्याचं पाणी ठेवा, टेकडीच्या वाटा एकट्या बाईला सुरक्षित वाटतील अशा करा, प्रत्येक वस्तीत एक वाचनालय चालवा. एका उड्डाणपुलाच्या खर्चापुढे हा खर्च नगण्य आहे आणि त्याचा लाभ लाखो माणसांच्या रोजच्या दिवसाला होतो.

स्वतःची काळजी स्वस्तात घेता येते, हे खरंच आहे. पण ती स्वस्त राहते ती कुणीतरी टेकडी राखली म्हणून, कुणीतरी ग्रंथालय उभं केलं म्हणून, कुणीतरी रविवार मिळवून दिला म्हणून. आपल्याला आयतं मिळालेलं हे वैभव ज्यांच्यापर्यंत अजून पोचलेलं नाही, त्यांच्यापर्यंत ते नेणं ही आता आपली पाळी. सुरुवात घरापासून करता येईल: यंदा पाटावर आधी तिला बसवा.