ढालीचे निष्पापपण

तलवार घडविणाऱ्याला आपण दहा प्रश्न विचारतो. ढाल घडविणाऱ्याला एकही विचारीत नाही. ढाल कुणाचा गळा कापीत नाही, तेव्हा तिच्या कारागिराने रात्री सुखाने झोपावे, असा आपला सरळ हिशेब. जून 1967 मध्ये अमेरिकेतल्या ग्लासबरो या लहानशा गावी सोव्हिएत पंतप्रधान कोसिजिन यांनी हाच हिशेब मांडला. अमेरिकेचे संरक्षणमंत्री मॅक्नमारा त्यांना समजावीत होते की, क्षेपणास्त्रे अडविणारी अस्त्रे तुम्ही उभारलीत, तर ती भेदण्यासाठी आम्हांला आमची क्षेपणास्त्रे वाढवावी लागतील. कोसिजिन संतापले. संरक्षण ही नीती आणि आक्रमण ही अनीती, एवढेच त्यांचे म्हणणे. जगातली कोणतीही आई याला मान डोलावील.

पण ही ढाल बनते कशी, ते पाहू लागले म्हणजे मान डोलता डोलता थांबते. अवकाशातून येणाऱ्या अण्वस्त्राबरोबर शत्रू हलके फुगेही सोडू शकतो. तेथे हवा नाही. त्यामुळे जड अस्त्र आणि पोकळ फुगा सारख्याच वेगाने धावतात, आणि खरे कोणते, खोटे कोणते, हे रडारला कळणे कठीण. वातावरणात शिरल्यावर मात्र, सुपात धान्य पाखडावे तसे, हवा फोल मागे टाकते. म्हणजे तोवर थांबायचे. आणि थांबल्यावर हातात उरणार काही सेकंद. त्या सेकंदांसाठी अमेरिकन अभियंत्यांनी ‘स्प्रिंट’ घडविले. पाचेक सेकंदांत ते ध्वनीच्या दसपट वेग गाठी. बुद्धीचा एवढा पराक्रम पाहून कुणीही हात जोडावेत! पण त्याच्या टोकाशी होते अण्वस्त्रच. त्याचा स्फोट व्हायचा तो आपल्याच माणसांच्या डोक्यावरच्या आकाशात.

गंमत अशी की, त्याच वर्षीच्या सप्टेंबरात अमेरिकेच्या ढालीची घोषणा करण्याची पाळी खुद्द मॅक्नमारांवर आली. जागा निघाल्या बॉस्टन, शिकागो, सिअ‍ॅटल अशा शहरांजवळ. लोक खवळले, घरामागच्या मळ्यात अण्वस्त्र कोण ठेवून घेणार? तेव्हा 1969 मध्ये अध्यक्ष निक्सन यांनी ती शहरांपासून हलविली आणि जमिनीत पुरून ठेवलेल्या क्षेपणास्त्रांच्या रक्षणाला लावली. माणसांवर धरलेली ढाल तलवारीवर धरली गेली! तलवार शाबूत राहिली की शत्रू भितो, हा युक्तिवाद तर्काला धरून आहे, हे मी नाकारीत नाही. पण कोसिजिन यांच्या त्या नीतीतली आई यात कुठे उभी आहे, ते मला दिसत नाही.

1972 मध्ये दोन्ही देशांनी करार करून आपापल्या ढाली आखडत्या घेतल्या. कर्णाने कवच-कुंडले दिली, तेव्हा बदल्यात इंद्राकडून अमोघ शक्ती मागून घेतली होती. येथेही तेच झाले. कवचाला बंधन पडले. एकाच क्षेपणास्त्रावर अनेक अण्वस्त्रे बसविण्याला मात्र कुणी अटकाव केला नाही. पुढे 2002 मध्ये अमेरिका त्या करारातूनही बाहेर पडली.

आज वस्तीवर येणारे रॉकेट अण्वस्त्रावाचून आकाशातच फोडणारी यंत्रे आहेत, आणि त्यांच्याखाली खरोखरच मुले झोपलेली असतात. त्या यंत्रांच्या कारागिराला मी दोष देणार नाही. फक्त एक विचारीन: या छपराखाली निर्धास्त झालेला तुझा राजा उद्या शेजाऱ्याशी कसा वागेल, याचा विचार तुझ्या आराखड्यात कुठे आहे? तो माझा विषय नव्हे, असे तो म्हणेल. तलवार घडविणाराही हेच म्हणत आला आहे.

स्प्रिंटची ढाल 1 ऑक्टोबर 1975 रोजी सज्ज झाली. दुसऱ्याच दिवशी अमेरिकन प्रतिनिधिगृहाने ती बंद करण्याच्या बाजूने मत दिले, आणि काही महिन्यांत ती मिटली. नॉर्थ डकोटातल्या नेकोमा गावाजवळ, सपाट शेतांमध्ये, तिच्या रडारचा माथा छाटलेला काँक्रीटचा पिरॅमिड अजून उभा आहे.