मूळ क्लबाचा त्याग उचित की अनुचित ?

धर्मसंकट नेहमी सत् आणि असत् यांच्यामध्येच उभे राहते, असे नाही. पुष्कळदा ते दोन सद्गोष्टींच्या मध्ये उभे राहते आणि तेव्हाच विवेकाची खरी कसोटी लागते. अंगच्या गुणांचा पूर्ण विकास करणे हे मनुष्याचे कर्तव्य होय. ज्यांनी ते गुण जोपासले त्यांचे ऋण स्मरणे हेही कर्तव्यच होय. ही दोन कर्तव्ये समोरासमोर उभी ठाकली तर मनुष्याने काय करावे ? आयर्लंडमधील स्त्रियांच्या गेलिक फुटबॉल या खेळात हा प्रश्न उपस्थित होत असतो. खेळ दूरदेशीचा असला, तरी प्रश्न प्रत्येक गृहस्थाने विचार करावा असा आहे.

प्रथम त्या खेळाची व्यवस्था पाहू. १८८४ साली थर्ल्स या गावातील हेज हॉटेलात पुरुषांच्या देशी खेळांची संस्था स्थापन झाली. स्त्रियांच्या गेलिक फुटबॉलची संस्था स्थापन होण्यास पुढे नव्वद वर्षे जावी लागली. १९७४ साली त्याच गावी, त्याच हॉटेलात ती निघाली. त्या वर्षीच्या पहिल्या अंतिम सामन्यात टिपरेरी कौंटीने ऑफली कौंटीचा पराभव केला. पुढे २०१९ साली डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानावर अंतिम सामना पाहण्यास ५६,११४ प्रेक्षक जमले. एवढी वाढ झाली, तरी या खेळाचे मूळ गावच्या क्लबातच आहे. क्लबासाठी खेळणाऱ्या मुलीस वेतन मिळत नाही आणि तिला शिकविणारेही बहुधा तिच्याच परिसरातील आईबाप व शेजारी असतात. पावसापाण्यात मैदान राखणे, मुलींना सामन्यास नेणे-आणणे, वर्गणी गोळा करणे, ही सर्व कामे तेच करतात.

आता अशा क्लबात वाढलेली एखादी गुणी मुलगी शेजारच्या बलिष्ठ क्लबात जाऊ इच्छिते. तिच्या बाजूचे म्हणणे आपण प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. ती म्हणेल, ‘मी कोणाची विकत घेतलेली नाही. खेळाडूच्या उमेदीची वर्षे थोडी असतात. येथे सरावास सात-आठ जणी येतात. तेथे तीस येतात. कुशल सोबतिणींवाचून माझे कौशल्य वाढणार कसे ?’ यातील एकही शब्द तुच्छ नाही. ज्या खेळात स्त्रियांना स्वतःची संस्था मिळण्यासच एवढा काळ लागला, तेथे मुलीच्या आकांक्षेला स्वार्थ म्हणून हिणविणे हा तर अन्यायच होय.

परंतु दुसरी बाजूही पाहावी. संघ पंधरा जणींचा असतो. लहान गावच्या क्लबात कशाबशा सोळा-सतरा मुली असतात. त्यांतील दोन-तीन उत्तम मुली गेल्या की मोठा पराभव होतो. पराभवामुळे आणखी दोघी खेळ सोडतात. शेवटी संघच उभा राहत नाही. मग खेळ कोणाचा बुडतो ? जी गेली तिचा नव्हे. जिला कोणताही बलिष्ठ क्लब बोलावणार नाही, त्या सामान्य मुलीचा बुडतो. मैदानाच्या कडेला उभी राहून थोरल्या मुलींचा खेळ पाहणाऱ्या आठ वर्षांच्या बालिकेचाही बुडतो. गुणवतीच्या जाण्याची किंमत अशा रीतीने गुणहीन ठरविलेल्यांना द्यावी लागते. या प्रश्नाचा खरा गाभा हाच आहे.

येथे हेतूंचा भेद केला पाहिजे. शिक्षण, नोकरी किंवा विवाह यांमुळे जिचे घरच दूर गेले. जिच्या क्लबात संघच उरला नाही. किंवा जिला तेथे अपमान सोसावा लागला, तिने जावे. यात दोष नाही. पण केवळ विजयाचे पदक लवकर हाती यावे म्हणून जाणे, ही गोष्ट निराळी. कोणी म्हणेल, उच्च दर्जाच्या खेळासाठी जावेच लागते. परंतु या खेळाच्या रचनेतच त्यावर एक सुंदर उपाय आहे. लहान क्लबातील मुलगीही निवड झाल्यास आपल्या कौंटीच्या संघातून खेळू शकते. शिवाय क्लबांच्या स्पर्धा सीनियर, इंटरमीजिएट, ज्युनियर अशा श्रेणींत होतात. म्हणून दुर्बळ क्लबालाही आपल्या तोडीच्या प्रतिस्पर्ध्यांशी झुंजता येते.

मेयो कौंटीतील कोरा स्टाँटन हिचे उदाहरण पाहा. ती कार्नाकन या लहानशा गावच्या क्लबातून पुढे आली. मेयोच्या संघातून तिने चार अखिल आयर्लंड विजेतेपदे मिळविली, आणि तिच्या क्लबानेही देशातील क्लबविजेतेपद सहा वेळा जिंकले. पुढे ती ऑस्ट्रेलियातील व्यावसायिक फुटबॉल खेळण्यासही गेली. तात्पर्य, मूळ धरून राहणे म्हणजे खुंटणे नव्हे. मात्र प्रत्येक गावाला असे यश लाभेलच, असे मानू नये. जी थांबते ती पुष्कळदा पदकावाचूनच थांबते, आणि म्हणूनच तिच्या थांबण्याला मोल आहे.

यावरून तिन्ही पक्षांची कर्तव्ये स्पष्ट होतात. मुलीने जाण्यापूर्वी स्वतःस विचारावे : मला खेळ वाढवावयाचा आहे, की केवळ विजेत्यांत गणना करून घ्यावयाची आहे ? मूळ क्लबाने ऋणाला बेडीचे रूप देऊ नये. परवानगी अडवून धरलेली मुलगी देहाने मैदानावर राहील, मनाने नव्हे. तिच्या सरावाची नीट सोय करणे हाच तिला राखण्याचा धर्म्य मार्ग आहे. सर्वांत मोठी जबाबदारी बलिष्ठ क्लबाची आहे. कारण ज्याच्यापाशी पुष्कळ आहे, त्याने थोडे असणाऱ्याच्या दारी जाऊन मागू नये. शेजारचे सर्व क्लब ओस पडल्यावर तो जिंकणार तरी कोणाविरुद्ध ?

कृतज्ञता मागून मिळत नाही आणि नियमाने वसूल करता येत नाही. ती स्वेच्छेने दिली तरच ती कृतज्ञता. म्हणून जाणाऱ्या मुलीस कोणी दूषण देऊ नये. पण जी आपल्या बळाने दुबळ्या सोबतिणींना उभे ठेवते, तिचा पुरुषार्थ पदकाहून थोर आहे, हे मुक्तकंठाने सांगण्यासही कोणी संकोच करू नये.